पिवळ्या दोऱ्याच्या गाड्या

मीटरबाईला तिच्या पाळण्यातल्या नावानं हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि तेही बहुतेक वेळा नुसतं ‘अगं’ म्हणून भागवायचं. बाकी सगळ्या रस्त्याला ती मीटरबाई. गळ्यात सदानकदा करंट मोजायचा मीटर अडकवून फिरणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? “निदान जेवताना तरी तो काढून ठेवत जा,” असं एका गिऱ्हाइकानं एकदा सुचवलं, तेव्हा “जेवताना काढलेलाच असतो,” असं तिनं त्याला ठणकावून सांगितलं होतं. त्या वेळी तिच्या हातात घास होता आणि मीटर पाठीवर लोंबत होता.

‘अगं’ म्हणणारं माणूस म्हणजे तिचे वडील. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं, त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी उघडलं. आता काम लेक करायची आणि उस्ताद दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसून कुणी न मागितलेले सल्ले द्यायचे. त्यांचं स्वतःचं राज्य उरलं होतं ते फक्त रविवारचं. त्या दिवशी दुकान बंद. मग हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून ते पेट्रोल पंपाच्या आवारात जाऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची किरकोळ कामं करून देत. मीटरबाई रविवारी दुपारपर्यंत झोपा काढायची. बाबा कुठं असतील, कसे असतील, याची तिला काडीची काळजी नसायची. हातात पक्कड असली की बाबा ठीक असतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

त्या गुरुवारी सकाळी उस्ताद दाढी करायला गेले होते. शटर अजून पुरतं वर गेलं नव्हतं, तोच दुधाच्या टेम्पोमागे दोरखंडानं बांधलेली एक जुनी हिरवी गाडी दारात येऊन थांबली. स्टिअरिंगमागे सिस्टर होत्या. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी नर्स. त्या रस्त्यावरची निम्मी पोरं त्यांच्याच हातांत पहिल्यांदा रडलेली. एरवी गाडीतून उतरताना काहीतरी खवचट बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज त्या मुकाट उतरल्या आणि उस्तादांच्या स्टुलावर धपकन बसल्या. त्यांच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं.

“कुणाचं हे?” मीटरबाईच्या तोंडून कसंबसं निघालं.

“माझं नाही, घाबरू नकोस. रात्रभर दवाखान्यातच होते, बदलायला वेळ कुठला.” सिस्टरांनी बाही दुमडून घेतली. “काल दिवेलागणीला एका बाईला घेऊन निघाले होते. घरी व्हायची लक्षणं दिसेनात, म्हणून म्हटलं दवाखाना गाठू. मागे ती आणि तिची सासू. पुलावर चढलो आणि समोरचे दिवे पिवळे पडायला लागले. हॉर्न दाबला तर नुसता कण्हतोय. मग इंजिन बंद. मग सगळंच बंद. पुलाच्या मधोमध, एक दिवा म्हणून नाही, आणि मागून ट्रक.”

मीटरबाईच्या हातातली शटरची काठी तशीच हवेत राहिली.

“ब्रेक मारला त्यानं. एवढं अंतर राहिलं.” सिस्टरांनी वीतभर दाखवलं. “बाळ मागच्या सीटवर झालं, मोबाइलच्या उजेडात. दोघं सुखरूप आहेत. मीच नाही. तीस वर्षांत हात कधी थरथरला नाही माझा, आणि आज सकाळी चहाचा कप धरवेना.”

मीटरबाईनं काठी भिंतीला टेकवली. गाड्या बंद पडतात, त्यावरच तर तिची चूल पेटते. पण गाडी बंद पडणं म्हणजे असंही काही असू शकतं, हे इतक्या जवळून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“आधी काही कुरकुर केली होती का गाडीनं?”

“आठवडाभर स्टार्ट व्हायला कटकट करत होती. पण तो बॅटरीचा लाल दिवा लागलेला असायचा ना, म्हणून म्हटलं सगळं ठीक आहे.”

“लागलेला? चालवताना?”

“हो, चालवताना.”

“अहो सिस्टर, चालवताना तो विझायला हवा! लागलेला राहिला म्हणजे बॅटरी भरत नाहीये, म्हणून तर तो बोंबलतो!”

“मला शिकवू नकोस, आधी विझायचाच तो. मागच्या महिन्यात तो अजिबात लागेनासा झाला. माझा दीर सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, मी करून आणतो. तुझं दुकान त्या दिवशी बंद होतं म्हणे. कुणाकडून तरी नवा दिवा बसवून आणला. त्या माणसानं दिराला सांगितलं, नवीन दिवा असाच असतो, लागलेला राहतो. लागलाय म्हणजे काळजी नको.”

मीटरबाईला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. काम बिघडवणारे ढीगभर असतात. पण धोक्याचा दिवा लावून ‘काळजी नको’ म्हणून सांगणारा माणूस तिनं अजून पाहिला नव्हता.

“कोण होता तो?”

“दिरालाच ठाऊक. तो परवा जहाजावर परत गेला. आता पुढचं बंदर येईपर्यंत त्याचा फोन लागायचा नाही.” सिस्टर उठल्या. “मला एकच सांग. असल्या माणसाच्या हातात पुन्हा पक्कड यावी का?”

“येणार नाही. शब्द देते,” मीटरबाई म्हणाली. “संध्याकाळी पाचला या. गाडी पण न्या आणि नाव पण न्या.”

शब्द देताना तिला फार बरं वाटलं. राग आला की तिला नेहमीच बरं वाटायचं. अंगात तरतरी यायची.

मग तिनं बाह्या सरसावल्या. बॅटरी काढून तासभर चार्जरला लावली, मग तिच्यावर भार टाकून पाहिला. बॅटरी ठणठणीत. परत बसवून गाडी चालू केली आणि मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीला टेकवल्या. चौदा व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले बारा, आणि तेही हळूहळू उतरत होते. म्हणजे इंजिन फिरतंय, पण बॅटरीत भर पडत नाही. तिनं पट्टा दाबून पाहिला, तो कडक होता. बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. त्याच्याच टोकावर सुई टेकवली, तिथंही बारा. म्हणजे मधल्या जाड वायरीचा दोष नाही. तिनं अल्टरनेटर उतरवला, आतले कार्बन तपासले आणि तो टेबलावरच्या मोटरीला जोडून गरगर फिरवला. गुणी लेकरासारखं त्यानं चौदाच्या वर व्होल्ट दिले. पुन्हा गाडीत बसवला, की पुन्हा बारा.

“टेबलावर काम करतोस आणि गाडीत संप?” मीटरबाईनं त्याला विचारलं. जुन्या गाड्यांशी ती नेहमीच बोलायची, माणसांपेक्षा जास्त सभ्यपणे.

डॅशबोर्डवर लाल दिवा मात्र झगझगत होता. तिनं वैतागून ॲक्सिलरेटर पार खाली दाबला. इंजिन किंचाळलं आणि त्याच क्षणी दिवा विझला, मीटर टुणकन चौदावर गेला. पाय काढला तरी तो चौदावरच राहिला. तिनं गाडी बंद करून परत चालू केली. पुन्हा दिवा लागलेला, पुन्हा बारा.

आता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अल्टरनेटर झोपलेला होता. जोरात हाकललं की दचकून उठत होता, पण सिस्टर तर गल्लीबोळांतून, गरोदर बाईचं पोट सांभाळत, बैलगाडीच्या वेगानं जाणाऱ्या. त्यांच्या हाती तो उठलाच तर चुकूनमाकून.

आणि त्याला उठवायचं काम असतं त्या लाल दिव्याचं. हा धडा मीटरबाई नऊ वर्षांची असताना शिकली होती. बाबांनी तिला याच टेबलावर बसवलं होतं, हातात गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब दिला होता आणि म्हणाले होते, “हा दिवा नुसता दिसायला नसतो. ह्याच्यातून चिमूटभर करंट जातो, तेव्हा अल्टरनेटर जागा होतो. दिवा काढला, की तो झोपला.” पुढं दुकानात जो कुणी काम शिकायला आला, त्याच्या कानावर पहिल्या दिवशी हेच पडलं. उस्तादांच्या दुकानात या वाक्याशिवाय कुणाला पक्कड मिळायची नाही.

तिनं डॅशबोर्ड उघडला. लाल काचेमागे साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवलेला होता. उजेड भरपूर, पण करंट खातो नखाएवढा. त्यातून अल्टरनेटर काय डोंबल जागा होणार! होल्डरची वायर नीट वळवून, झोल न ठेवता, मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली होती. हल्ली सगळे प्लास्टिकच्या पट्ट्या लावतात. दोऱ्यानं बांधणारी या रस्त्यावर दोनच माणसं उरली होती. एक तिचे बाबा, पण ते कायम काळा दोरा वापरत. हा पिवळा होता.

दुसरा माणूस रस्त्याच्या पलीकडे होता. त्याला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो चटकन उडायचा. पंधरा वर्षांपूर्वी तो उस्तादांच्याच हाताखाली होता. एका गिऱ्हाइकानं ‘हा लाल दिवा डोळ्यांत जातो’ म्हणून तक्रार केली आणि फ्यूजनं तो बल्बच काढून टाकला. गाडी दोन दिवसांनी घाटात बंद पडली. उस्तादांनी त्याला भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, “ज्याला दिवा कळत नाही त्यानं फुलं विकावीत,” असं म्हणून हाकलून दिलं. त्यानं फुलं विकली नाहीत. बरोबर समोर दुकान टाकलं. तेव्हापासून दोन्ही दुकानांत बोलणं नव्हतं.

मीटरबाईनं दोऱ्यासकट होल्डर कापून घेतला आणि तणतणत रस्ता ओलांडला.

“पंधरा वर्षांत अक्कल आली नाही तुला?” तिनं होल्डर त्याच्या टेबलावर आपटला. “काल पुलावर बाई मेली असती. बाळ मेलं असतं. आणि वर सांगतोस, दिवा लागलाय म्हणजे काळजी नको?”

फ्यूज एका वायरीच्या सांध्याला डाग देत होता. आता हा उडणार आणि आपण दुप्पट उडायचं, अशी मनाची तयारी करून ती उभी राहिली. पण तो उडाला नाही. त्यानं डागणी बाजूला ठेवली, हात पुसले आणि होल्डर उचलला. बल्बकडे त्यानं पाहिलंही नाही. दोऱ्याची गाठ तो उजेडात फिरवून फिरवून बघत राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “मी उजवा आहे.”

“मग?”

“ही गाठ बघ कुठं वळलीय. डाव्या हातानं ओढलेली आहे. दोन वेढे आणि उलटा फास. मी सात वर्षं शिकायचा प्रयत्न केला, मला नाही जमली. तुलाही नाही जमली.”

रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. मीटरबाई गाठीकडे बघत होती. ती गाठ तिनं जन्मभर पाहिली होती. तिच्या शाळेच्या दप्तराचा तुटलेला पट्टासुद्धा त्याच गाठीनं बांधलेला असायचा. रंग वेगळा होता म्हणून ती तिला दिसली नव्हती, एवढंच.

“वेड लागलंय तुला,” ती म्हणाली. “ह्याच चुकीसाठी त्यांनी तुला हाकललं होतं.”

“म्हणून तर मी ही चूक झोपेतही ओळखीन.” फ्यूजनं टेबलाचा खण उघडला. आत पिवळ्या दोऱ्याचे दोन तुकडे होते, दोन्हींना तीच गाठ. “माझ्याकडे दोन गाड्या आल्या. एकीत असाच दिवा. दुसरीत फ्यूज उडाला होता, त्याच्या जागी नुसती तांब्याची तार गुंडाळून दिलेली. पेटली असती ताई ती गाडी.”

“आणि तू गप्प बसलास?”

“काय सांगणार होतो? ज्या माणसानं मला दारातून हाकललं, त्याच्या लेकीला येऊन सांगू, की तुझा बाप चुकतोय? सूड उगवतोय म्हणाली असतीस. दुरुस्त केल्या आणि दिल्या.” तो खाली बघून म्हणाला, “उस्तादांचं नाव मी कुणाला सांगितलं नाही.”

परत येताना मीटरबाईला रस्ता ओलांडता येईना. गाड्या जात होत्या, थांबत होत्या, आणि ती कडेला तशीच उभी होती. शेवटी एका टेम्पोवाल्यानंच हात करून तिला जायला सांगितलं.

उस्ताद दुपारी आले, गुळगुळीत दाढी करून, अंगाला पावडरचा वास. दारातली गाडी बघून थबकले.

“ही कुणाची गं?”

वीस वर्षं त्या गाडीची तार न् तार त्यांच्याच हाताखालून गेली होती.

“सिस्टरांची,” मीटरबाई म्हणाली.

“हां हां, सिस्टरांची,” उस्ताद घाईघाईनं म्हणाले. हे ‘हां हां’ ते हल्ली फार म्हणायला लागले होते, आणि आज पहिल्यांदाच ते तिच्या कानाला टोचलं. किती महिने ते असं म्हणत होते, कोण जाणे. आपण मीटरवरचा काटा केसभर हलला तरी ओळखतो आणि घरातलं हे आपल्याला ऐकू आलं नाही, याचा तिला धक्का बसला.

तिनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि तो एलईडी, होल्डर आणि दोऱ्यासकट, त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी नाकावर घसरलेला चष्मा वर सरकवला.

“छान आहे. स्वच्छ उजेड देतो हा.”

“बाबा, हा दिवा गाडीत कशासाठी असतो?”

उस्ताद हसले. “मला विचारतेस होय? हा दिवा नुसता दिसायला नसतो. ह्याच्यातून…”

ते थांबले.

“ह्याच्यातून…” डावा हात हवेत वर गेला होता, शिकवताना नेहमी जायचा तसा, बोटांच्या चिमटीत काहीतरी धरल्यासारखा. चिमूट तशीच राहिली. ते तिच्याकडे बघत होते. नऊ वर्षांची असताना ती त्यांच्याकडे बघायची तसं. “ह्याच्यातून काय गं?”

“चिमूटभर करंट जातो, बाबा. तेव्हा अल्टरनेटर जागा होतो. दिवा काढला, की तो झोपला.”

“असं होय!” उस्ताद म्हणाले. त्यांनी बल्ब पुन्हा निरखून पाहिला आणि मान डोलावली. पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसासारखी.

चुकीचा बल्ब कुणीही बसवतं. नजर गेली, घाई झाली, हाताला तोच लागला, असं काहीतरी मीटरबाई सकाळपासून मनाशी जुळवत होती. पण ज्या वाक्यावर हे दुकान उभं होतं, ते वाक्यच त्यांच्याजवळून गेलं होतं आणि गेल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, “आणि हा दोरा पिवळा का?”

हे मात्र उस्तादांना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला, मग गंभीर झाला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली.

“मागच्या वर्षी एकदा दुकानातून घरी निघालो आणि चौकात उभा राहिलो. कुठं वळायचं तेच कळेना. चाळीस वर्षं जातोय त्या रस्त्यानं. अर्धा तास उभा होतो गं. मग आठवलं, आलो घरी. तू जेवायला वाढलंस, मी जेवलो. दुसऱ्या दिवशी पिवळा दोरा आणला. काळा दोरा दिसला, की लोक म्हणतात, हे उस्तादचं काम, उघडून बघायला नको. आता उघडून बघायला हवं. म्हणून पिवळा.”

“कुणी बघायला हवं?”

“तू. दुसरं कोण आहे मला?”

मीटरबाईला रडू कोसळायच्या आधी राग आला. तिचं नेहमी तसंच व्हायचं. “मग तोंडानं सांगायचं ना, बाबा! दोरे कसले बांधत बसता!”

“सांगितलं असतं, तर तू माझे रविवार बंद केले असतेस.”

“केलेच असते!”

“म्हणून तर.” उस्तादांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “मला वाटलं, पहिलीच गाडी दुकानात आली की तुला दिसेल. तू विचारशील, मग सांगू. मी वाट बघत होतो. तू विचारलंच नाहीस.”

तिला तो दोरा दिसला होता. एकदा नव्हे, तीनदा. एकदा बेकरीवाल्याच्या टेम्पोत, एकदा डॉक्टरांच्या गाडीत, आणि एकदा शाळेच्या व्हॅनमध्ये. ‘कुणाचा हा भडक दोरा’ म्हणत तिनं तो कचकन कापला होता, कचऱ्यात टाकला होता आणि वर स्वच्छ पांढरी पट्टी आवळली होती. दोऱ्याखाली काय आहे ते तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. बांधणी इतकी नेटकी, की उघडून बघावंसं कुणाला वाटेल?

ती आत गेली, पाण्याचा नळ सोडला आणि बराच वेळ नुसती त्याखाली हात धरून उभी राहिली. मग व्हॅनवाल्याला फोन लावला. शाळा सुटायला अजून वेळ होता. व्हॅन जागची हलवू नका, मुलांना दुसऱ्या गाडीनं पाठवा, मी स्वतः येते, असं तिनं त्याला तीनदा सांगितलं. “काय झालंय काय ताई?” त्यानं घाबरून विचारलं. ती हत्यारं घेऊन निघालीच. व्हॅनमध्ये तिनं आवळलेल्या पांढऱ्या पट्टीखाली एकच सांधा होता, तोही सैल आणि उघडा, डिझेलच्या नळीला चिकटून. तिनं तो तिथंच दुरुस्त केला आणि परत आली.

पाच वाजता सिस्टर आल्या. कपडे बदलले होते, केस विंचरले होते, आणि जीभही ताळ्यावर आली होती. “काय गं, झाली का गाडी? आणि नाव कुठंय माझं?”

गाडी झाली होती. गव्हाच्या दाण्याएवढा साधा बल्ब बसला होता, इंजिन चालू होताच दिवा विझत होता, मीटर चौदा दाखवत होता. मीटरबाईनं ते सगळं दाखवलं, दोनदा दाखवलं, चावी फिरवून पुन्हा दाखवायला लागली. सिस्टर तिच्याकडे बघत होत्या.

“दिवा बघितला मी. नाव सांग.”

मीटरबाईनं तोंड उघडलं. शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं दिला होता, सकाळी, याच जागी, छाती पुढं काढून. आता तो फिरून तिच्याच घरात शिरला होता.

“मी,” उस्ताद स्टुलावरून म्हणाले.

सिस्टर हसल्या. उस्तादांची थट्टा असेल असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मीटरबाईचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं.

“तुम्ही?”

“मला आठवत नाही,” उस्ताद म्हणाले. “पण गाठ माझी आहे. म्हणजे मीच.” ते उठले, पिशवीतून आपली पक्कड काढली, मुठीवर डाव्या अंगठ्याचा खळगा पडलेली, आणि सिस्टरांपुढे धरली. “हिनं सांगितलं मला, तुम्ही काय म्हणालात ते. बरोबर बोललात. ही घ्या.”

सिस्टरांनी पक्कड घेतली नाही. सकाळपासून त्या ज्या माणसाला शिव्या घालत होत्या, त्याच माणसानं वीस वर्षं त्यांची गाडी रात्री-अपरात्री रस्त्यावर राहील अशी ठेवली होती. त्यांनी हळूच उस्तादांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. नर्स होत्या त्या. कशाचा धक्का घ्यायचा आणि कशाचा पुढं ढकलायचा, हे त्यांना येत होतं.

“उस्ताद, पक्कड राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांगा. माझ्यासारख्या अजून किती गाड्या आहेत?”

हा प्रश्न मीटरबाईला सुचलाच नव्हता. बेकरी, डॉक्टर, व्हॅन, फ्यूजकडच्या दोन आणि ही, एवढंच ती दुपारपासून मोजत होती.

उस्तादांनी पिशवीत हात घातला आणि पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढून लेकीच्या हातात ठेवलं. चांगलं मोठं रीळ होतं, मुठीत न मावणारं. पुठ्ठ्यावर छापलं होतं, दोनशे मीटर. एका गाडीला हातभर दोरा पुरे व्हायचा. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर आता पाच-सहा वेढे उरले होते.

मीटरबाईनं रीळ उलटंपालटं करून पाहिलं.

“बाबा, हे सगळं… हे सगळं गाड्यांना?”

“सुरुवातीला मोजत होतो गं,” उस्ताद अपराध्यासारखे म्हणाले. “मग मोजायचं विसरलो.”

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. बाहेर रस्त्यावर ऑफिसं सुटली होती आणि गाड्यांची रांग लागली होती. नव्या, जुन्या, पांढऱ्या, निळ्या, एकामागून एक दारावरून चालल्या होत्या. मीटरबाई दारात येऊन उभी राहिली आणि प्रत्येक गाडीच्या बोनेटकडे बघायला लागली. मग तिनं रीळ खिशात टाकलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा रस्त्यापलीकडे हाक मारली.

“फ्यूज! दुकान बंद कर आणि इकडे ये. पिवळे दोरे शोधायचेत, बाबांना तू हवायस.”